हॉव्हानिसियन, रिचर्ड गेबल

(९ नोव्हेंबर १९३२ – १० जुलै २०२३). आर्मेनियाच्या आधुनिक इतिहासाचे विख्यात अमेरिकन अभ्यासक. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यात झालेल्या आर्मेनियनांच्या वंशसंहारातून वाचलेल्या स्त्रीपुरुषांची निवेदने पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित करून त्यांना इतिहाससाधनाचा दर्जा मिळवून देणाऱ्या संशोधकांत त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ज्या घटनेची सरकारी कागदपत्रे दीर्घकाळ दुर्लभ होती आणि जी घडलीच नाही असे प्रतिपादन एक राज्यसंस्था करीत होती, तिचा इतिहास कोणत्या पुराव्यावर लिहावयाचा, हा त्यांच्या कार्यातील मध्यवर्ती प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : काळा समुद्र व कॅस्पियन समुद्र यांच्या दक्षिणेकडील पठारी प्रदेश ही आर्मेनियनांची प्राचीन भूमी. चौथ्या शतकाच्या आरंभी त्यांच्या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पाचव्या शतकात मेस्रोप माश्तोत्स ह्याने त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. एकोणिसाव्या शतकात ह्या भूमीचा पूर्वभाग रशियन साम्राज्यात, तर पश्चिमेकडील मोठा भाग ऑटोमन साम्राज्यात होता. भारतात सुरत, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे स्थायिक झालेले आर्मेनियन व्यापारी मुख्यत्वे इराणमधील इस्फाहानजवळच्या नव्या जुल्फाहून आले होते. मुंबईच्या फोर्ट भागातील सेंट पीटर आर्मेनियन चर्च हे त्यांचेच स्मारक होय. १९१५ ची आपत्ती मात्र ज्यांच्यावर कोसळली, ते आर्मेनियन प्रामुख्याने अनातोलियातील शेतकरी, कारागीर, शिक्षक, धर्मोपदेशक व लहानमोठे व्यापारी होते.

ऑटोमन आर्मेनियनांची १८९४–९६ मध्ये मोठ्या प्रमाणावर कत्तल झाली. १९०९ मध्ये अदाना येथे तिची पुनरावृत्ती झाली. पहिल्या महायुद्धात साम्राज्याची सूत्रे तरुण तुर्कांच्या ‘ऐक्य व प्रगती समिती’कडे होती. २४ एप्रिल १९१५ रोजी राजधानी कॉन्स्टँटिनोपलमध्ये (इस्तंबूल) आर्मेनियन लेखक, धर्मगुरू, वकील व लोकप्रतिनिधी यांच्या अटकेस प्रारंभ झाला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस हद्दपारीचा कायदा जारी करण्यात आला. अनेक ठिकाणी पुरुषांना प्रथम वेगळे काढून ठार करण्यात आले. स्त्रिया, मुले व वृद्ध यांचे तांडे सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकण्यात आले. वाटेत हत्या, अपहरण, तहान, उपासमार व साथीचे रोग यांना बळी पडलेल्यांची संख्या बहुतेक अभ्यासकांच्या मते दहा लाखांच्या आसपास वा त्याहून अधिक आहे. आर्मेनियन लोक ती पंधरा लाख मानतात. ‘वंशसंहार’ ह्या संकल्पनेसाठी १९४४ मध्ये नवा शब्द घडविणाऱ्या राफाएल लेमकिन ह्या विधिज्ञाच्या विचारांत आर्मेनियनांचे उदाहरण ठळकपणे होते. युद्धसमाप्तीनंतर १९१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये काही जबाबदार व्यक्तींवर खटलेही चालले. तथापि १९२३ च्या लोझान तहात आर्मेनियाचा उल्लेख आला नाही आणि पुढील चार दशके हा विषय आंतरराष्ट्रीय चर्चेतून जवळजवळ नाहीसा झाला.

जीवन व शिक्षण : हॉव्हानिसियन यांचा जन्म कॅलिफोर्निया राज्यातील टूलेअरी ह्या शेतीप्रधान गावी झाला. त्यांचे वडील कास्पार हे पूर्व अनातोलियातील खारपेर्त (हार्पूत) नगराजवळच्या बाझमाशेन ह्या खेड्यातले. वंशसंहारातून बचावून ते अमेरिकेत आले होते. ह्याच खारपेर्त प्रांतात लेस्ली डेव्हिस हा अमेरिकन वाणिज्यदूत १९१५ मध्ये नेमणुकीवर होता आणि हद्दपारीसंबंधीचे त्याचे प्रत्यक्षदर्शी अहवाल वॉशिंग्टन येथे पोहोचले होते. अशा रीतीने पुढे इतिहासकार झालेल्या मुलाच्या घरातील स्मृती आणि परराष्ट्रखात्याच्या दप्तरातील कागद ही दोन्ही एकाच प्रदेशातून आलेली होती. त्यांची एकमेकांशी गाठ पडण्यास मात्र अर्धशतक जावे लागले.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून हॉव्हानिसियन यांनी इतिहास विषयात बी. ए. (१९५४) व एम्. ए. (१९५८) ह्या पदव्या घेतल्या. मधल्या काळात ते बेरूतला गेले आणि तेथील आर्मेनियन विद्यालयात (जेमारान) त्यांनी आर्मेनियन भाषा व वाङ्‌मय यांचे रीतसर अध्ययन केले. सिमोन व्रात्सियान हे स्वतंत्र आर्मेनियन प्रजासत्ताकाचे अखेरचे पंतप्रधान तेथे त्यांचे गुरू होते. विलयास गेलेल्या एका राज्याचा शेवटचा प्रमुख परदेशातील शाळेत मुलांना भाषा व इतिहास शिकवीत आहे, हे दृश्य त्यांनी जवळून पाहिले. त्यांच्या संशोधनाचा पहिला विषयही तेच राज्य ठरले. लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९६६ मध्ये त्यांना पीएच्.डी. दिली. त्याच विद्यापीठात आर्मेनियन इतिहासाच्या अध्यापनाची व्यवस्था त्यांनी उभी केली आणि १९८० नंतरच्या दशकात तेथे स्थापन झालेल्या आधुनिक आर्मेनियन इतिहासाच्या अध्यासनाचे ते पहिले प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी वार्तितेर ह्या वैद्यकीय व्यवसायात होत्या. त्यांचे पुत्र राफी हॉव्हानिसियन हे सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर स्वतंत्र झालेल्या आर्मेनियाचे पहिले परराष्ट्रमंत्री होत.

प्रजासत्ताकाचा इतिहास : हॉव्हानिसियन यांचा पहिला ग्रंथ आर्मेनिया ऑन द रोड टू इंडिपेंडन्स, १९१८ हा १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. रशियन राज्यक्रांतीनंतर कॉकेशसची आघाडी कोसळली, तुर्की सैन्य पुढे सरकले आणि मे १९१८ मध्ये सार्दारापात येथे आर्मेनियनांनी त्यास थोपवून धरले. त्यानंतर २८ मे रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. हे स्वातंत्र्य विजयापेक्षा निरुपायातून जन्मले, हे ह्या ग्रंथातून स्पष्ट होते.

त्यानंतर द रिपब्लिक ऑफ आर्मेनिया ह्या चार खंडांच्या बृहद्‌ग्रंथाचे काम त्यांनी हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७१ मध्ये, दुसरा १९८२ मध्ये आणि तिसरा व चौथा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९२० मध्ये सोव्हिएट सत्तेपुढे नमते घेणारे हे प्रजासत्ताक जेमतेम अडीच वर्षे टिकले. त्याचा इतिहास प्रकाशित होण्यास पंचवीस वर्षे लागली आणि त्याची पृष्ठे दोन हजारांहून अधिक भरली. बॉस्टन येथे जतन केलेले प्रजासत्ताकाचे व त्याच्या शिष्टमंडळांचे कागद, तसेच ब्रिटन, फ्रान्स व अमेरिका यांची राजनैतिक दप्तरे यांचा त्यात कसून वापर केलेला आहे.

हा ग्रंथ वरवर पाहता वंशसंहाराचा इतिहास नव्हे. तथापि त्याच्या प्रत्येक खंडावर त्या घटनेची छाया आहे. नव्या राज्याच्या लोकसंख्येत पश्चिमेकडून आलेल्या निर्वासितांचा भरणा मोठा होता. १९१८-१९ च्या हिवाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत भूक, थंडी व प्रलापक सन्निपात ज्वर (टायफस) यांमुळे सु. दोन लाख लोक मरण पावले. ऑगस्ट १९२० च्या सेव्हर तहाने कागदावर आर्मेनियाला विस्तृत प्रदेश दिला. प्रत्यक्षात मात्र त्यासाठी सैन्य पाठविण्यास कोणतेही दोस्त राष्ट्र तयार नव्हते आणि आर्मेनियाचे पालकत्व स्वीकारण्याचा प्रस्ताव अमेरिकन सीनेटने जूनमध्येच फेटाळलेला होता. मोठ्या राष्ट्रांची सहानुभूती आणि त्यांची कृती यांतील हे अंतर हॉव्हानिसियन यांनी तारीखवार, कागदोपत्री पुराव्यानिशी दाखवून दिले. त्यांची मांडणी संयत असून आर्मेनियन नेत्यांचे अंतर्गत वाद व चुकाही त्यांनी झाकलेल्या नाहीत. राजकीय व राजनैतिक घडामोडींच्या तुलनेने सामान्य जनांच्या जीवनास ह्या खंडांत कमी जागा मिळाली आहे. ही उणीव त्यांच्या पुढील कार्याने वेगळ्या मार्गाने भरून काढली.

मौखिक साधनांचे संकलन : वंशसंहारास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, २४ एप्रिल १९६५ रोजी, सोव्हिएट आर्मेनियाची राजधानी येरेव्हान येथे प्रचंड निदर्शने झाली आणि दोन वर्षांनी तेथे स्मारक उभे राहिले. इतर देशांतील आर्मेनियन वस्त्यांतही ह्या सुमारास स्मृतिजागृती झाली. विद्यापीठीय इतिहासलेखन मात्र मागे होते. त्याच्यापुढील मुख्य अडचण साधनांची होती. ऑटोमन शासनाची संबंधित कागदपत्रे विदेशी संशोधकांना सहजी उपलब्ध नव्हती, तर १९१९ च्या खटल्यांचे मूळ दप्तर हाती लागत नव्हते. परकीय वकिलातींचे अहवाल, धर्मप्रचारकांची पत्रे आणि जेम्स ब्राइस व आर्नल्ड टॉयन्बी यांनी १९१६ मध्ये ब्रिटिश शासनासाठी सिद्ध केलेला साधनसंग्रह एवढीच प्रमुख लिखित साधने होती. ती युद्धकाळातील शत्रुराष्ट्रांची किंवा ख्रिस्ती संस्थांची असल्यामुळे पक्षपाती ठरवून बाजूला सारणे विरोधकांना सोपे जाई.

ह्या परिस्थितीत १९७० नंतरच्या दशकात हॉव्हानिसियन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मौखिक इतिहासाच्या पद्धतीचे शिक्षण देऊन वाचलेल्या व्यक्तींकडे पाठविण्यास प्रारंभ केला. लॉस अँजेल्स व त्याच्या आसपास आर्मेनियनांची मोठी वस्ती होती. लेबाननमधील यादवी युद्ध आणि इराणमधील क्रांती यांमुळे तीत भर पडत गेली. १९१५ मध्ये जे मूल दहा वर्षांचे होते, ते आता पासष्टीच्या पुढे होते. त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नव्हते. निवेदने मुख्यतः आर्मेनियन भाषेत ध्वनिफितींवर घेण्यात आली आणि कालांतराने त्यांची संख्या एक हजारावर गेली.

अशा निवेदनांत सामान्यतः हद्दपारीपूर्वीचे गाव, कुटुंब, शाळा व सणवार यांचे वर्णन प्रथम येते. नंतर हुकमाची दवंडी, वडील व थोरले भाऊ यांना नेले गेल्याचा दिवस, तांड्याचा मार्ग, नदीचा उतार, पाण्यासाठी दिलेली नाणी, मागे सोडलेले तान्हे भावंड ह्या गोष्टी येतात. शेवटी तुर्की, कुर्द वा अरब घरात नव्या नावाने काढलेली वर्षे, अनाथाश्रम, विसरलेली मातृभाषा पुन्हा शिकणे आणि नातलगांचा शोध यांची हकिकत असते. जीव वाचणे म्हणजे संकट संपणे नव्हे. नाव, धर्म व भाषा बदलून वाचलेल्या मुलांना आपण कोण आहोत, हा प्रश्न आयुष्यभर सोडवावा लागला.

साठ वर्षांपूर्वीच्या आठवणींना पुरावा मानण्यात धोका आहे, ह्याची इतिहासकारांस जाणीव असते. बालपणीची स्मृती अपुरी असते, नंतर वाचलेल्या व ऐकलेल्या गोष्टी तीत मिसळतात आणि समाजात रूढ झालेला कथेचा साचा निवेदकाच्या नकळत त्याच्या तोंडी येतो. शिवाय, राजधानीत निर्णय कोणी व केव्हा घेतला, हे तांड्यातल्या मुलास सांगता येणे शक्य नसते. असे असले, तरी भिन्न देशांत वाढलेल्या आणि एकमेकांस न भेटलेल्या एकाच गावच्या माणसांची निवेदने ताडून पाहता येतात. ती समकालीन अहवालांशीही पडताळता येतात. आज्ञापत्रातील एका शब्दाचा रस्त्यावर प्रत्यक्ष अर्थ काय झाला, हे तर अशा निवेदनांतूनच कळते.

ह्या साधनांचा उपयोग हॉव्हानिसियन यांनी केवळ क्रौर्याची नोंद वाढविण्यासाठी केला नाही. आर्मेनियनांना आसरा देणाऱ्या मुसलमान शेजाऱ्यांच्या व अनोळखी माणसांच्या वर्तनाचा अभ्यास त्यांनी वाचलेल्यांच्या निवेदनांवरून केला. त्यावरील त्यांचा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. आसऱ्यामागील हेतू अनेकविध होते, असे त्यात दिसते. कोठे निखळ दया होती. कोठे फुकट राबणारे हात हवे होते. कोठे मुलीशी विवाह करावयाचा, तर कोठे परधर्मीयास आपल्या धर्मात आणल्याचे पुण्य मिळवावयाचे होते. एकाच घरात हे हेतू एकत्र नांदत असत. संपूर्ण समाजावर दोषारोप करणारी किंवा उलट, उपकाराच्या कथा सांगून अपराध झाकणारी अशा दोन्ही प्रकारच्या सोप्या मांडण्यांना ह्या अभ्यासाने छेद दिला.

इन्काराचा प्रश्न : तुर्कस्तानच्या अधिकृत भूमिकेनुसार १९१५ मधील मृत्यू हे युद्ध, रोगराई व परस्परांतील संघर्ष यांचे फलित होते आणि हद्दपारी हा लष्करी निकडीचा उपाय होता. ह्या भूमिकेचे राजनैतिक वजन संशोधनक्षेत्रावरही पडत असे. जून १९८२ मध्ये तेल आव्हीव्ह येथे वंशसंहारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीत आर्मेनियनांचा विषय असल्यामुळे तुर्कस्तानने हरकत घेतली आणि इझ्राएलच्या शासनाने परिषद रद्द करविण्याचा प्रयत्न केला. परंतु संयोजकांनी ती पार पाडली. मे १९८५ मध्ये ६९ अमेरिकन अभ्यासकांच्या सह्यांचे निवेदन वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथील प्रमुख वृत्तपत्रांत जाहिरातरूपाने प्रसिद्ध झाले आणि त्यात प्रतिनिधिगृहापुढील ठरावातील ‘वंशसंहार’ ह्या शब्दास आक्षेप घेण्यात आला.

ह्या वादात हॉव्हानिसियन यांनी ग्रंथसंपादनाचा मार्ग निवडला. १९७८ मध्ये त्यांनी ह्या विषयाची ग्रंथसूची प्रसिद्ध केली. त्यानंतर द आर्मेनियन जेनोसाइड इन पर्स्पेक्टिव्ह (१९८६), द आर्मेनियन जेनोसाइड : हिस्टरी, पॉलिटिक्स, एथिक्स (१९९२), रिमेंब्रन्स अँड डिनायल (१९९८) इ. निबंधसंग्रह त्यांच्या संपादकत्वाखाली निघाले. इतिहास, विधी, मानसशास्त्र, वाङ्‌मय व शिक्षण अशा विविध क्षेत्रांतील लेखकांना त्यांनी त्यांत एकत्र आणले. इन्काराचे स्वरूप काळानुसार बदलते, असे त्यांनी दाखविले : आरंभी घटना सरसकट नाकारली जाते; ते अशक्य झाल्यावर तिची कारणे पुढे केली जातात; त्यानंतर इतरांच्या हालांशी तुलना करून तिचे वेगळेपण पुसले जाते. ज्यूंच्या संहारासंबंधीच्या इन्काराशी त्यांनी ह्या प्रक्रियेचे साम्य तपासले.

एकविसाव्या शतकात परिस्थिती काही अंशी पालटली. तानेर आक्चाम ह्यांच्यासारख्या तुर्की इतिहासकारांनी ऑटोमन कागदपत्रांच्याच आधारे हद्दपारीमागील योजनेचा मागोवा घेतला. त्यामुळे वाचलेल्यांच्या निवेदनांना स्वतंत्र दुजोरा मिळाला. अमेरिकन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी २०१९ मध्ये वंशसंहारास मान्यता देणारे ठराव संमत केले आणि २४ एप्रिल २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी आपल्या निवेदनात तो शब्द वापरला. तुर्कस्तानने ह्या दोन्ही गोष्टींचा निषेध केला.

नामशेष नगरांचा इतिहास : संहाराबरोबर एक संपूर्ण प्रादेशिक जीवन नष्ट झाले होते. हद्दपारीच्या इतिहासात गावांची नावे केवळ मृत्यूची ठिकाणे म्हणून उरू नयेत, ह्या दृष्टीने हॉव्हानिसियन यांनी १९९७ पासून लॉस अँजेल्स येथे ऐतिहासिक आर्मेनियन नगरे व प्रांत यांवर परिषदांची मालिका सुरू केली. व्हान, बित्लिस व मूश, खारपेर्त, एर्झेरूम, सिवास, दियारबेकिर, सिलिशिया, पाँटस, कॉन्स्टँटिनोपल, स्मर्ना इ. स्थळांवरील निबंधांचे खंड तीतून सिद्ध झाले. लोकसंख्या, व्यापार, शाळा, मठ, हस्तलिखिते, बोली, वास्तुकला व स्थलांतर यांची माहिती त्यांत एकत्र केलेली आहे. २००२ मध्ये निघालेला खारपेर्तवरील खंड त्यांच्या पूर्वजांच्या प्रदेशाविषयीचा आहे; परंतु इतर खंडांप्रमाणेच तोही अनेक तज्ञांच्या निबंधांचा संग्रह असून त्यात संपादकाच्या घराण्याची स्मरणगाथा नाही. द आर्मेनियन पीपल फ्रॉम एन्शन्ट टू मॉडर्न टाइम्स (२ खंड, १९९७) हा त्यांनी संपादिलेला सर्वसमावेशक इतिहास विद्यापीठांतून पाठ्यग्रंथ म्हणून वापरला जातो.

संस्थात्मक कार्य व मूल्यमापन : १९७४ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आर्मेनियनविद्या संशोधन संस्थेच्या (सोसायटी फॉर आर्मेनियन स्टडीज) संस्थापकांपैकी हॉव्हानिसियन हे एक होत. त्याच वर्षी त्यांना गुगेनहाइम अधिछात्रवृत्ती मिळाली. १९९० मध्ये आर्मेनियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना विदेशी सदस्य म्हणून निवडले. त्यांच्या निवृत्तीनंतर लॉस अँजेल्सच्या अध्यासनास त्यांचे नाव देण्यात आले. तेथे त्यांच्यामागून आलेले सेबूह अस्लानियान हे नव्या जुल्फाच्या व्यापाऱ्यांचे इतिहासकार असून त्यांच्या संशोधनात भारतातील आर्मेनियन वस्त्यांनाही महत्त्वाचे स्थान आहे.

मौखिक निवेदनांचा संग्रह हॉव्हानिसियन यांनी २०१८ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील शोआ प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या साक्षींसाठी उभारलेल्या अभिलेखागारात आर्मेनियनांच्या निवेदनांना त्यामुळे कायमचे स्थान मिळाले. ध्वनिफिती कालांतराने खराब होतात. म्हणून त्यांचे अंकीय रूपांतर, सूची व भाषांतर ही कामे महत्त्वाची ठरली. १९१५ ची पिढी आता हयात नाही. यापुढे ह्या विषयात नवे शासकीय कागद सापडू शकतील. नवा प्रत्यक्ष साक्षीदार मात्र मिळणार नाही. हे जाणून वेळेवर केलेले संकलन ही हॉव्हानिसियन यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी मानावी लागेल.

वाचलेल्या माणसाचा पुत्र ह्या नात्याने त्यांच्या तटस्थतेविषयी शंका घेणे टीकाकारांना सोपे होते. तिला त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. प्रथम त्यांनी राजनैतिक दप्तरांवर आधारलेला राज्याचा इतिहास लिहिला. मग साक्षी गोळा केल्या. त्या ताडून पाहिल्या आणि प्रतिपक्षाच्या युक्तिवादांचाही अभ्यास केला. लॉस अँजेल्स येथे त्यांचे निधन झाले.